एकच मोटर, तीन निदानं: गावच्या दुरुस्ती शेडमध्ये कोणाच्या हाती कोणतं काम द्यावं?

धुऱ्यावरचा (यवतमाळ जिल्हा)

राम राम मंडळी. आमचा शेतकरी गट गावात दुरुस्ती शेड सुरू करतो आहे. विहिरीवरच्या मोटरी, फवारणी पंप, पेरणी यंत्रं, डवरे-वखर आणि अलीकडे आलेले सौर पंप, एवढी कामं येतील. माणसं अशी आहेत: आयटीआय झालेला एक वायरमन, घरात पिढ्यान् पिढ्या खातीकाम (लोहारकाम) असलेला एक तरुण, दुचाकी दुरुस्त करणारा एक, सारं आयुष्य वावरात गेलेले एक काका आणि बचत गटाच्या दोन ताया. त्यांपैकी एक ताई आशा म्हणून काम करतात.

अडचण अशी की वस्तू एकच असली तरी निदान प्रत्येकाचं वेगळं निघतं. ५ एचपीची मोनोब्लॉक (मोटर आणि पंप एकत्र असलेली) मोटर पाणी कमी फेकते. वायरमन म्हणतो, व्होल्टेज पडतं. दुचाकीवाला म्हणतो, बेरिंग गेलं, आवाज ऐका. काका म्हणतात, फुटबॉल (सक्शन पाइपच्या तळाची झडप, फूटव्हॉल्व्ह) गळतो. तिघांच्याही हाताला गुण आहे, त्यामुळे कोणाला गप्प बसवणं बरोबर वाटत नाही. पण शेतकऱ्याला तीन वेळा मोटर खोलण्याचा भुर्दंड पडतो.

विचारायचं एवढंच: कामाची वाटणी कशावर करावी, एकाचं येणं दुसऱ्याला कसं शिकवावं, आणि कागदाच्या प्रमाणपत्राला किती वजन द्यावं?

कॉइलवाला (वर्धा)

भाऊ, माणूस ज्या कामात वाढला तिथंच त्याचं बोट आधी जातं. वायरमनची नजर लाईटवर, काकांची पाण्यावर, दुचाकीवाल्याचा कान आवाजावर. यातलं कोणतंही टाकाऊ नाही, फक्त क्रम ठरवून द्या. पान्याला हात लावायच्या आधी मीटर लावायचा, आणि मीटरवरचा आकडा पाण्याशी जोडून वाचायचा.

मोटर चालू ठेवून स्टार्टरच्या खालच्या टोकांवर तिन्ही जोड्यांचं व्होल्टेज घ्या. बंद मोटरवर घेतलेल्या आकड्यावर विसंबू नका, भार पडल्यावरच खरं काय ते कळतं. तिन्ही आकडे सारखे पण कमी असतील तर ट्रान्सफॉर्मरवर भार जास्त आहे. दोन आकडे कमी आणि एक ठीक असेल, तर त्या दोन्हींत जी तार सामाईक आहे तिचा फ्यूज, जोड किंवा स्टार्टरचा कॉन्टॅक्ट पाहा. मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गानं उतरतो. ४१५ च्या जागी ३२० मिळालं तर जोर साठ टक्क्यांवर येतो आणि मोटर जास्त करंट ओढून तापते. रात्रीच्या लाईटला ऑटो स्विचमुळे सगळ्या मोटरी एकदम सुरू होतात तेव्हा नेमकं हेच घडतं. निदान टायमर तरी वेगवेगळ्या मिनिटांवर लावा.

मग टाँग टेस्टर, म्हणजे तारेभोवती धरून करंट मोजायचा चिमटा मीटर. ५ एचपीच्या मोनोब्लॉकच्या पाटीवर साधारण साडेसात ते आठ अँपिअर लिहिलेले असतात. आता तुमच्या वायरमनला हे समजावून सांगा, कारण वायरिंग शिकताना पंप समोर नसतो: सेंट्रिफ्यूगल पंप पाणी कमी उचलत असेल तर मोटर करंटही कमी घेते. म्हणजे व्होल्टेज बरं, तिन्ही फेज पाच-साडेपाचवर सारखे आणि पाणी कमी, असं दिसलं की वीज निर्दोष. हवा ओढली जाते, फुटबॉलमध्ये काडीकचरा अडकला आहे किंवा इंपेलर (पंपातलं पाणी फेकणारं चाक) तुंबला आहे. इथं काका बरोबर. उलट पाणी कमी आणि करंट पाटीपेक्षा जास्त असेल तर आधी व्होल्टेज पाहायचं. ते ठीक असेल तर बेरिंग किंवा घासणारा इंपेलर. तेव्हा दुचाकीवाल्याला बोलवा. डिलिव्हरीचा कॉक बंद केला की मोटरवर ताण येतो असं पुष्कळांना वाटतं. या पंपात उलटं आहे, कॉक बंद केल्यावर भार उतरतो आणि पाइप फुटून पाणी मोकळं धावलं की भार चढतो.

फुटबॉलची परीक्षा सोपी. मोटर बंद करून दहा मिनिटांनी प्रायमिंगचा (पंपात पाणी भरायचा) प्लग खोला. आत पाणी काठोकाठ असेल तर फुटबॉल आणि सक्शनचे जोड ठीक. उतरलं असेल तर गळती आहे. विहिरीचं पाणी पंपापासून सहा-सात मीटर खाली गेलं असेल तर नवा पंपही नीट ओढणार नाही, मोटर खाली उतरवावी लागते. उन्हाळ्यात हे मोजण्याचं काम काकांकडेच द्या. दोरीला दगड बांधून ते बिनचूक सांगतील.

ग्लँडबद्दल (शाफ्टभोवती दोरी भरून नटांनी आवळायची जागा) एक सांगतो, कारण हिची चूक घराघरांत होते. नळाचं काम करणाऱ्याला थेंब दिसला की तो नट आवळतो, त्याच्या धंद्यात थेंब म्हणजे दोष. पंपाच्या दोरीच्या ग्लँडमधून मात्र थेंब पडलाच पाहिजे, त्यावरच शाफ्ट थंड राहतो. आवळून कोरडा केला की दोरी जळते, शाफ्टवर खाच पडते आणि पुढं कितीही नवी दोरी भरली तरी धार थांबत नाही. दोन्ही नट पाव-पाव फेरा सारखे फिरवायचे, एकेक थेंब पडू लागला की थांबायचं.

जळालेली मोटर आली तर कॉइल कापण्याआधी नीट पाहा. स्टार जोडणीत दोन फेजच्या कॉइल काळ्या आणि एका फेजच्या कोऱ्या, किंवा डेल्टात एकाच फेजच्या काळ्या आणि दोन कोऱ्या, तर मोटर सिंगल फेजिंगनं गेली. एक फ्यूज उडाला आणि ती दोनवर चालत राहिली. सगळ्या सारख्या करपल्या असतील तर जास्त भार किंवा कमी व्होल्टेज. एकाच जागी खड्डा पडला असेल तर तिथला पेपर फाटला होता किंवा रोटर घासला. एवढं न पाहता नवी वाइंडिंग भरली तर तीही त्याच कारणानं महिनाभरात परत येते. कापताना टर्न, तारेचं गेज, पिच आणि जुन्या तारेचं वजन वहीत लिहून ठेवा.

कंडेन्सर लावून थ्री फेज मोटर दोन फेजवर चालवायला कोणी सांगितलं तर नाही म्हणा. ५ एचपीला २ केव्हीएआरचा कपॅसिटर तिन्ही फेजवर बसवणं ही वेगळी गोष्ट, त्यानं लाइनवरचा करंट कमी होतो. दोन्हींना गावात कंडेन्सरच म्हणतात, म्हणून घोटाळा होतो.

ऐरण_भाता (अमरावती जिल्हा)

वरचं मोटरीचं सगळं मान्य. पण खात्याच्या घरच्या पोराला फक्त पास (वखराचं पातं) शेकायला बसवाल तर त्याचं निम्मं येणं वाया जाईल. त्याला बेरिंगवर बसवा.

कारण पाहा. बंडीच्या चाकावर धाव (लोखंडी पट्टा) चढवताना ती चाकाच्या घेरापेक्षा चार-पाच सूत, म्हणजे १२ ते १५ मिलीमीटर, कमी धरतात. चार फुटी चाकाचा घेर ३.८ मीटरच्या आसपास येतो. धाव गोवऱ्यांच्या आरात लाल व्हायला आली की तेवढा घेर सहज वाढतो. ती चढते, पाणी मारल्यावर आवळते आणि आरे, पाटे, तुंबा सगळं एकजीव होतं. हा फरक कमी ठेवला तर पहिल्या उन्हाळ्यात धाव निसटते, जास्त ठेवला तर आरे वाकतात. हे ज्याच्या अंगात भिनलं आहे त्याला 'बेरिंग तापवून शाफ्टवर सरकवायचं' हे एका वाक्यात कळतं. ज्यानं आयुष्यभर हातोडीनं बेरिंग ठोकलं त्याच्या हातून ही सवय सुटायला वेळ लागतो.

फक्त तापमान नवं शिकवावं लागेल. त्याची नजर लाल रंगावर तयार झालेली आहे आणि बेरिंगला लाल करायचं नसतं. उघडं बेरिंग तेलाच्या डब्यात ८० ते १०० अंशापर्यंत, १२० च्या वर कधीच नाही. डब्याच्या तळाला टेकू द्यायचं नाही, तारेनं लटकवायचं. दोन्हीकडून रबरी सील असलेलं बेरिंग तेलात घालायचं नाही, आतलं ग्रीस जातं. ते थंडच बसवायचं, पण पाइपचा तुकडा आतल्या कड्यावर टेकवून. बाहेरच्या कड्यावर ठोकलं की गोळ्यांचे ठसे आतल्या वाटेवर उमटतात आणि नवं बेरिंग पहिल्या दिवसापासून गुरगुरतं. नंबरही वाचायला लावा: ६२०५ चं भोक २५ मिमी, ६२०६ चं ३०, म्हणजे ०४ पासून पुढं शेवटच्या दोन अंकांना पाचनं गुणायचं. दोन वेळा सांगितलं की ध्यानात राहतं.

आता वखराची पास आणि डवऱ्याचं पातं. लोखंड ओळखण्यासाठी ग्राइंडरवर ठिणगी पाहा. साध्या एमएस (माइल्ड स्टील) पट्टीची ठिणगी लांब, पिवळसर, फाटे कमी. गाडीच्या जुन्या पाट्याची (स्प्रिंगच्या पट्टीची) ठिणगी टोकाला फुलते, बारीक फाटे पुष्कळ. बिडाची आखूड आणि तांबूस. एमएसची पट्टी लाल करून पाण्यात बुडवली तरी म्हणावी तशी कडक होत नाही, त्यात कार्बनच कमी आहे. आयटीआयचा पोरगा हे पुस्तकातून सांगेल, खाती ठिणगीवरून सांगेल. दोघांना एका ग्राइंडरवर उभं करा, एका दिवसात दोघंही शिकतील.

पाट्याचं पोलाद पाण्यात एकदम बुडवू नका, तडकतं. तेलात बुडवा. मग धार घासून चकचकीत करा आणि मागच्या बाजूनं हळूहळू तापवा. आधी गवती पिवळा रंग धावतो, मग तपकिरी, जांभळा, निळा. दगडगोट्याच्या भरकाडी जमिनीसाठी जांभळ्या-निळ्यावर थांबवा, धार थोडी मऊ राहते पण तुटत नाही. निव्वळ काळ्या मातीला पिवळ्या-तपकिरीवर थांबवलं तरी चालतं, धार जास्त टिकते. हे काम सावलीत करायचं. भर उन्हात लाल झालेलं लोखंडही काळंच दिसतं आणि माणूस ते जास्त तापवून बसतो. शेडमध्ये भट्टीची जागा ठरवताना पश्चिमेकडे भिंत ठेवा.

वेल्डिंगमध्येही असाच फरक दिसतो. वेल्डिंग शिकलेला मुलगा टाका सुरेख घालतो, पण पाट्याच्या पोलादाला साध्या ६०१३ रॉडनं थंडच जोड दिला की टाक्याच्या शेजारी केसासारखी चीर जाते आणि पहिल्याच डवरणीत तुकडा पडतो. जोडाच्या दोन्ही बाजू दोन-अडीचशे अंशापर्यंत तापवा, ७०१८ चा कोरडा रॉड वापरा आणि जोड झाल्यावर चुलीच्या राखेत गाडून ठेवा, सकाळी काढा. राखेत गाडणं खात्याला सांगावं लागत नाही. रॉड कोरडा ठेवणं मात्र त्याला सांगावं लागेल, पावसाळ्यात ओला ७०१८ काही कामाचा नाही.

मूठ_चाडं (वाशीम)

पेरणी यंत्राचं मी सांगतो. ट्रॅक्टरवाला यंत्र उत्तम चालवतो, पण बी किती पडतं हे दुकानदारानं लावून दिलेल्या खुणेवर सोडतो. काकांना बी किती पडतं ते तासाकडे (पेरलेल्या ओळीकडे) पाहून कळतं, पण खूण कशी फिरवायची ते माहीत नाही. या दोघांमध्ये एक तराजू ठेवा.

सोयाबीनला एकरी ३० किलो बी, दोन ओळींत ४५ सेंटिमीटर. पाच दात्यांचं यंत्र म्हणजे कामाची रुंदी सव्वादोन मीटर. यंत्राचं चाक ४० सेंटिमीटर व्यासाचं असेल तर एका फेऱ्यात १.२५७ मीटर, ५० फेऱ्यांत ६२.८ मीटर. त्याला सव्वादोननं गुणलं की १४१ चौरस मीटर. एकर ४०४७ चौरस मीटरचा, म्हणजे ५० फेऱ्यांत एकूण १ किलो ५० ग्रॅमच्या आसपास बी पडायला हवं, दर नळीखाली २१० ग्रॅम. यंत्र उचलून चाक हातानं फिरवा आणि पाच नळ्यांना पाच पिशव्या बांधा. एकूण वजन बरोबर येऊनही चालत नाही, पाचही पिशव्या सारख्या भरल्या पाहिजेत. एक नळी दीडशेवर आणि दुसरी पावणेतीनशेवर असेल तर वावरात पट्टे पडतात आणि दोष बियाण्यावर जातो. वावरात चाक थोडं घसरतं, म्हणून शेवटची खात्री पन्नास मीटरचं एक तास ओढूनच करा.

तुमचं यंत्र वेगळ्या मापाचं असेल तर आकडे बदला, रीत हीच.

खोली तीन-चार सेंटिमीटर, पाचच्या खाली नको. इथं काकांचं ज्ञान यंत्राच्या वर आहे. ७५ ते १०० मिलीमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका असं कृषी विभाग सांगतो, पण तेवढा पाऊस काळ्या खोल जमिनीत आणि भरकाडीत सारखा मुरत नाही. काका मातीचा गोळा वळतात आणि कमरेइतक्या उंचीवरून टाकतात. फुटून मोकळा झाला तर वाफसा आहे, चपटा होऊन बसला तर एक दिवस थांबा. ओल्यात यंत्र घातलं की नळीच्या तोंडाशी चिखलाचा बूच बसतो आणि अख्खी ओळ रिकामी जाते. ट्रॅक्टरवाला मागे पाहत नाही, त्याला चार ओळी झाल्यावर कळतं. दाते जमिनीत असताना ट्रॅक्टर मागे घेणं हेही बूच बसण्याचं मोठं कारण. म्हणून यंत्रामागे एक माणूस चालवाच.

आणि हो, सरत्यावर (तिफणीमागे बी सोडायच्या नळीवर) तूर सोडणाऱ्या बाया तुमच्या गावात अजून असतील तर त्यांना शेडमध्ये बोलवा. मुठीतून दाणे अंगठ्याच्या रेट्यानं एकेक सुटतात, बैलाच्या पावलाशी हात जुळलेला असतो, आणि बी ओलं आहे, फुटकं आहे की किडकं हे त्यांच्या बोटांना पहिल्या मुठीत समजतं. सोयाबीनचं साल फार नाजूक. पोतं वरून आदळलं तरी उगवण घटते. गोणपाटावर १०० दाणे ओळीत मांडून, गुंडाळून, ओलं ठेवून उगवण पाहण्याचं काम त्यांच्याकडे सोपवा. सत्तरच्या वर उगवले तर ३० किलोचं माप धरा, खाली आले तर त्या प्रमाणात वाढवा. बियाण्यासाठी मळणी करणाऱ्यालाही तेच सांगा, थ्रेशर मिनिटाला ४०० फेऱ्यांच्या वर नेऊ नका.

मापाची_ताई (यवतमाळ)

दादा, फवारणीचं काम तुमच्या आशाताईंकडे द्या. कळकळीनं लिहिते आहे. २०१७ च्या हंगामात आपल्या जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त माणसं गेली. ही माणसं वर्षानुवर्षं फवारणी करणारी होती. पंप चालवणं त्यांना पक्कं येत होतं. माप आणि अंगाचा बचाव कोणी बसून शिकवलं नव्हतं.

आशाताईंना मिलिलिटर म्हणजे काय ते हाताला माहीत असतं, मुलांना औषध पाजताना चूक चालत नाही. शेतात मात्र औषध 'झाकणानं' मोजतात. एका कंपनीचं झाकण ५ मिलीचं, दुसऱ्याचं २५ चं. म्हणून शेडमधून फवारणी पंप बाहेर जाताना सोबत १० मिलीची सुई नसलेली सिरिंज आणि १०० मिलीचं मापपात्र गेलं पाहिजे. त्यावर लाल रंगानं 'विष' लिहा, म्हणजे ते घरात वापरलं जाणार नाही.

माप ठरवायचं असं. १० मीटर बाय १० मीटर जागा आखा. पंपात मोजून साधं पाणी भरा आणि नेहमीच्या चालीनं फवारा. समजा ५ लिटर लागलं. एकराला ते २०० लिटर होतं, म्हणजे १५ लिटरचे साडेतेरा पंप. लेबलवर एकरी १०० मिली असेल तर एका पंपाला साडेसात मिलीच्या आसपास. चालणारा माणूस बदलला की पाणी बदलतं, म्हणून हे प्रत्येकाचं वेगळं काढा आणि त्याच्या नावाची चिठ्ठी पंपाला बांधा. पेट्रोलवर चालणाऱ्या फवारणी पंपाला पाणी फार कमी लागतं. हातपंपाचं 'पंपाला इतके मिली' हे माप तिकडे चालत नाही, एकराचं माप धरूनच हिशेब करा. त्या द्रावणात औषध जास्त दाट असतं, तेव्हा अंगावर उडालेला थेंबही जास्त घातक.

दुचाकीवाल्या दादांना एक गोष्ट आवर्जून सांगा. त्यांच्या हाताखालच्या गाड्या फोर स्ट्रोक असतात, पेट्रोलमध्ये तेल घालायची त्यांना सवय नसते. पाठीवरचे कितीतरी पेट्रोल पंप टू स्ट्रोक आहेत. त्यात नुसतं पेट्रोल घातलं की पिस्टन सिलिंडरमध्ये जाम होतो. २५ ला १ असं लिहिलं असेल तर लिटरला ४० मिली टू-टी तेल, ५० ला १ असेल तर २० मिली. अंदाजानं जास्त ओतलं तर सायलेन्सरच्या तोंडाशी काजळी साचून इंजिन गुदमरतं. फोर स्ट्रोक पंपाच्या टाकीवर 'तेल नाही' आणि टू स्ट्रोकच्या टाकीवर त्याचं जे असेल ते माप, '४० मिली' किंवा '२० मिली', असं ऑइल पेंटनं मोठं लिहा.

नोझलही पंपाबरोबर द्या. तणनाशकाला पंख्यासारखी चपटी धार देणारं, किडीच्या औषधाला पोकळ शंकूचं. तुंबलं तर तोंडानं फुंकायचं नाही, तारही घालायची नाही. भोक मोठं झालं की माप बिघडतं. जुना टूथब्रश आणि पाणी पुरे. डब्यावरचा त्रिकोण लाल असेल तर सगळ्यांत जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. वारा पाठीवर घ्या, पूर्ण बाह्या, हातमोजे, तोंडाला मास्क, आणि दुपारच्या उन्हात नाही.

दुसऱ्या ताईंसाठी तुमच्या गटात डाळ मिल घ्यायचा विचार असेल तर अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची पीकेव्ही मिनी डाळ मिल पाहा. तुरीला क्विंटलमागे पाव ते अर्धा किलो तेल चोळून रात्रभर ढीग ठेवणं, मग दोन-तीन दिवस ऊन देणं, हे घरोघरी जात्यावर डाळ करणाऱ्या बायांना येतंच. दाणा दाताखाली कटकन फुटला म्हणजे वाळला. मशीन चालवणारा हे न पाहता ओलसर तूर टाकतो, साल सुटत नाही आणि चुरी वाढते.

उन्हाचा_पंप (बुलढाणा)

सौर पंपावर वायरमनला एकट्यानं सोडू नका, हे आधी. एसी शिकलेल्या माणसाच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं की बटण बंद केलं म्हणजे तार मेली. पॅनलकडून येणारी तार ऊन आहे तोवर जिवंतच असते, आणि ३ किंवा ५ एचपीच्या पंपाला पॅनलच्या रांगेचं व्होल्टेज शेकडोंत असतं. चालू भारावर पॅनलचा कनेक्टर ओढून काढला तर डीसीची ठिणगी विझत नाही, हात भाजतो. आधी कंट्रोलर बंद, मग डीसी आयसोलेटर बंद, मग पॅनल ताडपत्रीनं झाकायचं, मीटरनं पाहायचं आणि नंतर हात घालायचा.

दुसरी फसगत टाँग टेस्टरची. साधा टाँग टेस्टर फक्त एसी दाखवतो. डीसी तारेवर लावला की शून्य येतं आणि माणूस म्हणतो करंटच नाही. डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर घ्या, किंमत जास्त आहे पण शेडला एक पुरतो.

पाणी कमी पडतं अशी तक्रार आली तर आधी पॅनलकडे चालत जा. रांगेतल्या एकाच पॅनलवर बाभळीच्या फांदीची सावली पडली तरी सगळी रांग मागे पडते. पॅनल पहाटे धुवा. दुपारी तापलेल्या काचेवर विहिरीचं थंड पाणी मारू नका. खारं पाणी असेल तर फडक्यानं लगेच पुसा, पांढरे डाग बसतात.

धुऱ्यावरचा (यवतमाळ जिल्हा)

फार उपयोगी पडलं. ताई, सिरिंजचं उद्यापासूनच करतो. कॉइलवाले भाऊ, सबमर्सिबलचं थोडं सांगा. आणि प्रमाणपत्राचा प्रश्न राहिलाच. खात्याचा पोरगा दहावी नापास आहे, गटातले काही जण म्हणतात की त्याला मशीनवर कसं बसवायचं.

कॉइलवाला (वर्धा)

सबमर्सिबल उतरवण्याआधी तीन गोष्टी. पाणी भरायची मोटर असेल तर स्वच्छ पाणी भरून तासभर उभी ठेवा आणि बुडबुडे थांबेपर्यंत भरत राहा. आत हवा राहिली तर वरचं बुश कोरडं चालतं. केबलचा जोड बादलीभर पाण्यात बुडवून ५०० व्होल्टच्या मेगरनं (इन्सुलेशन मोजायच्या मीटरनं) पाहा. १ मेगओहमच्या खाली असेल तर उतरवू नका, कारण बहुतेक वेळा मोटर ठीक असते आणि पाणी जोडातून शिरतं. तिसरं फिरण्याचं. लाइनचं काम झाल्यावर फेज उलटे झाले असतील तर मोटर उलटी फिरते, आवाज तोच, अँपिअरही फारसे वेगळे नाहीत, फक्त पाणी कमी. दोन तारा अदलाबदल करून पाहा, ज्या बाजूनं पाणी जास्त तीच दिशा खरी. उलट फिरणारी मोटर दोष नसताना वर काढली जाते आणि दोनशे-तीनशे फूट पाइप खोलण्याची मजुरी शेतकऱ्याच्या डोक्यावर बसते.

स्टार-डेल्टा स्टार्टर असेल तर ओव्हरलोड रिले कुठं जोडला आहे ते वायरमनला पाहायला सांगा. डेल्टाच्या आत असेल तर पाटीवरच्या अँपिअरला ०.५८ नं गुणून लावायचा. १४ ची मोटर असेल तर ८ च्या आसपास. तो १४ वर ठेवला तर मोटर जळेपर्यंत रिले पडत नाही.

शिकवणी_फिटर (नागपूर जिल्हा)

प्रमाणपत्राबद्दल माझं स्पष्ट मत आहे. जिथं चूक झाली की जीव जातो तिथं कागद मागा. मीटरच्या पेटीपासून मोटरपर्यंतच्या वायरिंगला वायरमनचा परवाना असलेलाच माणूस हवा, आणि खांबावर कोणीच चढायचं नाही, ते काम महावितरणच्या लाईनमनचं. बेरिंग, पास, पेरणी यंत्र, ग्लँड यांना कागद मागू नका, काम करून दाखवायला सांगा. त्या तरुणासमोर एक ६२०५ आणि एक शाफ्ट ठेवा. बसवल्यावर हातानं फिरवून खरखर येते का पाहा. गटातल्या सगळ्यांसमोर करा, म्हणजे नंतर कोणी बोलणार नाही.

कागद हवाच असेल तर तोही मिळतो. पंतप्रधान विश्वकर्मा योजना १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झाली. तिच्यात लोहार आणि सुतार हे दोन्ही धंदे आहेत. प्रशिक्षणाच्या काळात रोज ५०० रुपये, अवजारांसाठी १५,००० रुपयांचं ई-व्हाउचर आणि पुढं ५ टक्के व्याजानं आधी १ लाख, मग २ लाखांचं कर्ज. शाळेच्या प्रमाणपत्राची अट नाही. नोंदणी कॉमन सर्व्हिस सेंटरमधून (सीएससी) होते, ग्रामपंचायतीची पडताळणी लागते.

एकमेकांना शिकवण्यासाठी शेडमध्ये एकच वही ठेवा. दर कामाला चार रकाने: तक्रार शेतकऱ्याच्या शब्दांत, न खोलता घेतलेले आकडे, प्रत्येकाचं आधीचं निदान, आणि खोलल्यावर प्रत्यक्ष निघालेला दोष. तिसरा रकाना खोलण्याआधीच भरायचा आणि त्यात काकांचं निदानही लिहायचं. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचं ताई लिहितील. कपाशीच्या एका हंगामात पन्नास-साठ कामं नोंदली गेली की कोणाचं निदान कोणत्या बिघाडात बरोबर येतं हे तुम्हाला आमच्यापेक्षा चांगलं दिसेल, वाटणी त्यावरून करा. आणि काढलेला खराब भाग फेकू नका. खाच पडलेला शाफ्ट, ठसे उमटलेलं बेरिंग, एका फेजची जळालेली कॉइल, तडकलेली पास, प्रत्येकाला तारेनं चिठ्ठी बांधून भिंतीवर खिळ्याला टांगा. चिठ्ठीवर वहीतला कामाचा नंबर घाला.